दुखतंय म्हणून बसवून ठेवायचं का? मुलांचं लांबलेलं दुखणं आणि व्यायाम



"बाई, हिचे पाय दुखतत, हिका खेळाक धाडू नकात." मालवण पट्ट्यातल्या शाळांना हा निरोप नवा नाही. आपणही मग त्या मुलीला व्हरांड्यात बसवतो. एक-दोन दिवसांसाठी ते ठीकच आहे. पण दुखणं 3 महिन्यांच्या पुढे गेलं, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट वेदना म्हणतं, आणि तिथे बसवून ठेवणं उलटं पडतं.

आधी एक गोष्ट पक्की करावी. ताप, सांध्याला सूज, सकाळी अंग आखडणं, लंगडणं, वजन घटणं, हातापायांतली ताकद कमी होणं किंवा एकाच जागी झोपमोड करणारी कळ, यातलं काहीही असेल तर व्यायाम नंतर, डॉक्टर आधी. लहान मुलांचे दोन्ही पाय संध्याकाळी दुखतात आणि सकाळी मूल उड्या मारत उठतं, तो प्रकार वेगळा. तो बहुधा आपोआप जातो.

प्रश्न उरतो तो तपासण्या चांगल्या येऊनही महिनोन्‌महिने दुखणाऱ्या मुलांचा. घरात लगेच 'नाटकं करता' सुरू होतं. तसं नसतं. माडावर वानर येतात म्हणून भुंकायला शिकलेला कुत्रा पुढे झावळ हलली तरी भुंकतो ना, तसंच काहीसं मज्जासंस्थेचं होतं. इजा बरी झालेली असते किंवा मुळात नसतेही, पण इशारा चालू राहतो. दुखणं मात्र खरंच असतं. त्यात मूल हलायचं टाळतं, स्नायू कमकुवत होतात, झोप बिघडते, मग थोडं चाललं तरी दुखतं.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मुलांच्या जुनाट वेदनांबद्दल मार्गदर्शन काढलं, त्यात व्यायाम आणि फिजिओथेरपीला जागा दिली, मनाच्या उपचारांनाही दिली. याबाबतचे पुरावे अजून तोकडे आहेत हेही त्यात प्रामाणिकपणे लिहिलंय.

करायचं कसं? समजा चौथीतल्या मुलीला 10 मिनिटं चालल्यावर कळ येते. मग सुरुवात 7-8 मिनिटांपासून, रोज. बरं वाटलं म्हणून एखाद्या दिवशी अर्धा तास नाही, आणि थोडं दुखलं म्हणून सुट्टीही नाही. आठवडाभर जमलं की एखादं मिनिट वाढवायचं. किती चालायचं ते घड्याळ ठरवतं, दुखणं नाही. इथेच बहुतेक घरं चुकतात: बऱ्या दिवशी मूल रापण ओढायला धावतं आणि पुढचे 3 दिवस अंथरुणावर. नेमके व्यायाम फिजिओथेरपिस्टने ठरवावेत. यूट्यूब बघून नकोत.

किनाऱ्यावर चालायचं तर ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवर. कोरड्या वाळूत पाय रुततात, दम लवकर लागतो. पावसाळ्यात पडवीत चालावं.

शाळेत खेळाच्या तासाला पूर्ण सूट देऊ नये. लंगडी जमत नसेल तर चेंडू झेलू दे, पण मैदानात असू दे. वर्गात दर अर्ध्या तासाने सगळ्यांनाच उठवलं की तिच्याकडे बोट जात नाही. "आज किती दुखतंय?" असं रोज विचारू नये. "आज काय खेळलीस?" हे विचारावं. दप्तराचं वजन 2020 च्या धोरणाप्रमाणे मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंतच हवं, म्हणजे 30 किलोच्या मुलाला 3 किलो. पण दप्तर हलकं केलं की जुनी पाठदुखी थांबेल, या भरवशावर राहू नका.

घरी रोजच्या मिनिटांची वही ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा ती वही त्यांना दाखवा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायचं झालं तरी सोबत न्या. 2 महिन्यांत मूल 8 वरून 15 मिनिटांवर आलंय, हे डॉक्टरांना त्यातून लगेच कळतं. दुखणं कमी व्हायला बऱ्याचदा त्याहून जास्त वेळ लागतो.