पेंग्विनची सेवा की छाव्यासोबत सेल्फी?

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. दक्षिण आफ्रिकेत वन्यजीव पुनर्वसनाचे काम स्वयंसेवक म्हणून करायचे आहे. एका ठिकाणी सिंहाचे छावे सांभाळायला देतात. तिथे जावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तिथे मुळीच जाऊ नका. बाटलीने दूध पाजून माणसाळवलेला छावा जंगलात सोडता येत नाही. पर्यटकांचे लाड पुरवून मोठे झालेले असे कित्येक सिंह दक्षिण आफ्रिकेत कुंपणातल्या शिकारीसाठी विकले गेले आहेत. याला पुनर्वसन कसे म्हणायचे?

त्यापेक्षा केपटाऊनच्या ‘सँकॉब’चा विचार करा. ही संस्था 1968 पासून समुद्रपक्ष्यांवर उपचार करते. 2000 मध्ये ‘ट्रेझर’ हे जहाज बुडाले, तेव्हा तेलाने माखलेले सुमारे 19,000 पेंग्विन हजारो स्वयंसेवकांच्या मदतीने धुऊन काढले गेले. पेंग्विनची पिसे गळतात तेव्हा त्यांना सुमारे तीन आठवडे समुद्रात उतरता येत नाही. पिल्ले मोठी होण्याआधीच आईबापांवर ही वेळ आली, तर ती उपाशी मरतात. अशी पिल्ले संस्थेत आणून, वाढवून परत सोडतात.

काम मात्र फोटोत दिसते तसे नाही. विष्ठेने भरलेल्या चटया घासा, मासे तयार करा, पक्षी धरा! चोच चांगलीच लागते. वासाचे तर विचारूच नका.

व्हिसा काढण्याआधी तुम्हाला कोणत्या प्रकारचा लागेल, हे संस्थेकडून लेखी मागवा. धनुर्वाताची लस घेऊनच निघा.