सामायिक कार्यालयाची छपाई : यंत्राची किंमत आणि अक्षराची किंमत

मुद्रण हा आपल्या अभ्यासक्रमातील विषय नव्हे. तरीही कला शाखेच्या विद्यार्थ्याचा जन्मभराचा संबंध अक्षराशीच येतो. मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या पौडसारख्या गावी अर्ज लिहिणारा, बचत गटाचे हिशेब ठेवणारी आणि लग्नपत्रिका जुळवणारा असे तिघेचौघे एकाच खोलीत भाडे वाटून बसू शकतात. अशा गजबजलेल्या कार्यालयाने थोडक्या पैशांत कोणता प्रिंटर घ्यावा आणि मराठी मजकुराची जुळणी कशावर करावी, एवढाच प्रश्न मी येथे विचारासाठी घेतला आहे.

प्रथम यंत्राचा विचार करू. दुकानात आपण प्रिंटरची किंमत विचारतो. विचारायला हवी ती पानाची किंमत. समजा, एक यंत्र ९,००० रुपयांना मिळते आणि त्याची १,५०० रुपयांची शाईची डबी १,५०० पाने छापते. म्हणजे पानाला एक रुपया पडला. दुसरे यंत्र १६,००० रुपयांचे, पण २,००० रुपयांच्या शाईत ५,००० पाने देते. येथे पानाला ४० पैसे पडले. रोज १०० पाने आणि महिन्याला २६ दिवस काम धरले, तर वरचे ७,००० रुपये सुमारे साडेचार महिन्यांत वसूल होतात. त्यापुढे स्वस्त यंत्रच महाग पडते. मात्र डबीवरील पानांचा आकडा साधारणतः पानाचा ५ टक्के भाग शाईने भरेल असे धरून काढलेला असतो. शिरोरेषेने भरगच्च झालेल्या मराठी पानाला शाई त्याहून जास्त लागू शकते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट हवामानाची. ताम्हिणीच्या बाजूचा पाऊस सर्वांच्या परिचयाचा आहे. दमट कागद लेझर यंत्राच्या उष्णतेने वळतो व अडकतो. म्हणून रिम उघडी ठेवू नये. लेझर यंत्र भुकटी वितळवण्यासाठी एकदम बरीच वीज खेचते. त्यामुळे वीज गेल्यावर लहान इन्व्हर्टरवर त्याचा भरवसा धरता येत नाही. शाईच्या टाकीचा प्रिंटर थोड्या विजेवर चालतो. पण त्याची साधी शाई पाण्याने पसरते आणि बरेच दिवस काम नसेल तर मुख सुकते. तेव्हा अर्ज व दाखले जास्त असतील तर दोन्ही बाजूंनी छापणारे एकरंगी लेझर, आणि रंगीत पत्रिका जास्त असतील तर टाकीचे यंत्र, असा माझा कौल आहे.

आता अक्षराकडे वळू. खिळे जुळवण्याच्या काळात देवनागरीला शेकडो खिळे लागत. केसरीसाठी ती संख्या कमी करण्याचा प्रयत्न खुद्द लोकमान्य टिळकांनी केला होता. संगणक आल्यावर पुण्यातच १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्यांचे काम तेथे वाढले. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या. पण त्यानंतरही कित्येक वर्षे पेजमेकरवर जुन्या पद्धतीचे फाँट चालत राहिले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मजकुराऐवजी अर्थहीन रोमन चिन्हांचा ढीग दिसतो.

येथे खरी हानी आहे. छापलेला कागद वाचता येतो. पण दहा वर्षांनी तोच दस्त दुरुस्त करायचा, त्यातले एखादे नाव शोधायचे, तर सगळे पुन्हा टंकावे लागते. ज्या तालुक्यात १९२१ साली जमिनीसाठी सत्याग्रह झाला, तेथे जमिनीच्या कागदावरील नावाचे मोल वेगळे सांगायला नको.

म्हणून जुळणी युनिकोडमध्येच करावी. त्यासाठी फार खर्च नाही. पत्रे व हिशेब यांना लिबरऑफिस पुरते. पत्रिका आणि अंकाच्या मांडणीसाठी स्क्रायबस आहे. मात्र २०२४ साली निघालेली १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी, कारण १.४ या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरे नीट जुळत नसत. ही दोन्ही मोफत आहेत. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ हा फाँटही मोफत मिळतो. पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यायचेच असेल, तर ते युनिकोडमध्ये मजकूर देते का, हा प्रश्न आधी विचारावा.

घेण्यापूर्वी एक छोटी परीक्षा करावी. ‘आचार्यांना दक्षिणा दिली, आचाऱ्यांना मजुरी दिली’ हे वाक्य टंकावे, छापावे आणि तीच फाईल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. तेथेही आचार्य आणि आचारी वेगळे राहिले, तर जुळणी विश्वासाची समजावी. यंत्र चारपाच वर्षांनी बदलता येते. मजकूर मात्र त्याच्यापेक्षा जास्त टिकला पाहिजे. खरेदीच्या यादीत या गोष्टीला पहिले स्थान द्यावे, असे मला वाटते.