वजन तर विचारतो, पण बाळाशी बोलतं कोण?

मैत्रिणींनो, बैठकीत बाळाचा विषय निघाला की आपण आधी वजन विचारतो. अंगणवाडीत किती भरलं, मागच्या महिन्यापेक्षा वाढलं का? उंची मात्र कुणी विचारत नाही. "बाप बुटका, म्हणून पोर बुटकं," असं म्हणून विषय संपतो. पण वयाच्या मानाने उंची फारच कमी असेल तर त्याला खुजेपणा म्हणतात. बहुतेक वेळा तो बापाकडून येत नाही. बरेच दिवस अपुरं खाणं आणि पुन्हा पुन्हा आजारपण, यातून तो येतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर 100 मुलांमागे 35 मुलं खुजी निघाली.

नुसत्या उंचीचा प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. पोटातले नऊ महिने आणि जन्मानंतरची दोन वर्षं, म्हणजे साधारण 1000 दिवस, मेंदूची वाढ सगळ्यात जोरात होते. गरिबी नेमकी तेव्हाच घरात असते. आईच्या अंगात रक्त कमी. बाळाला जुलाब लागले की खाल्लेलं अंगी लागत नाही. दवाखाना लांब, गाडीभाडं लागणार, मजुरी बुडणार, म्हणून आपण दोन दिवस वाट बघतो. असं चार-पाच वेळा झालं की बाळ मलूल होतं. ते रांगत नाही, डबे पाडत नाही, हाक मारली तरी फारसं हसत नाही. मग "गुणाचं आहे, त्रास देत नाही" म्हणून घरातले त्याच्याशी बोलणंही कमी करतात. आधीच मागे पडलेलं लेकरू आणखी मागे पडतं. जगातल्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पाच वर्षांखालच्या सुमारे 25 कोटी मुलांची वाढ अशी खुंटण्याचा धोका आहे, असा अंदाज 2016 साली तज्ज्ञांनी मांडला.

यावर काय करता येतं ते जमैकात करून पाहिलं आहे. जमैका हे वेस्ट इंडीजमधलं एक बेट. क्रिकेटमुळे घरातल्या पुरुषांना नाव माहीत असेल. तिथल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत 1986-87 साली डॉ. सॅली ग्रॅन्थम-मॅक्ग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 9 ते 24 महिन्यांची 129 खुजी मुलं निवडली आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुधाची पावडर मिळे. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्य सेविका जाई. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळे. चौथ्याला यातलं काहीच नव्हतं. हे दोन वर्षं चाललं.

त्या तासात सेविका काय करायची? ती मोठी डॉक्टरीण नव्हती, आपल्या आशाताईसारखी वस्तीतली बाई. टाकाऊ डबे, बाटल्या, पुठ्ठे यांची खेळणी घेऊन ती जायची आणि आईला सोबत बसवून बाळाशी खेळायची. खेळणं घरी ठेवून पुढच्या वेळी बदलायची. आंघोळ घालताना, स्वयंपाक करताना बाळाशी बोला, वस्तूंची नावं सांगा, त्याला जमलं की शाबासकी द्या, एवढंच आईला शिकवायची.

दोन वर्षांनी दूध मिळालेली आणि खेळ मिळालेली, दोन्ही मुलं सुधारलेली दिसली. ज्यांना दोन्ही मिळालं ती सगळ्यात पुढे. पण खरी गोष्ट नंतर कळली. हीच मुलं 22 वर्षांची झाल्यावर पुन्हा शोधली. ज्यांच्या घरी खेळाचा तास झाला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा सरासरी 25 टक्के जास्त होती. दुधाचा फायदा मात्र तोवर टिकलेला दिसला नाही.

आता याचा अर्थ आहार नको असा कुणी काढू नका! ते दूध मिळालं तेव्हा मुलं आधीच खुजी झाली होती. उशीर झाला होता. म्हणून गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि सातव्या महिन्यापासून वरचं घट्ट खाणं, हे वेळेवरच व्हायला हवं.

खरं सांगते, बाळाशी गप्पा मारणं हे रिकामटेकड्या बायकांचं काम, असं मलाही वाटायचं. दिवसभर रानात राबून आल्यावर कुणाला सुचतंय? पण जमैकातल्या आयाही कष्टकरीच होत्या.

आपल्या देशात ओडिशातल्या खेड्यांतही हे करून पाहिलं. काही गावांत घरोघरी जाऊन, तर काही गावांत आयांना बाळांसह एकत्र बसवून. फायदा दोन्हीकडे सारखाच झाला आणि एकत्र बसण्याचा खर्च कमी आला. एकत्र बसायची सवय तर आपल्याला आहेच.

तर येत्या बैठकीत दोन गोष्टी करा. एक, लहान मूल आजारी पडलं तर गाडीभाड्यापुरते पैसे बैठकीची वाट न बघता त्याच दिवशी द्यायचे, असा ठराव लिहून घ्या. कोण देणार, कितीपर्यंत, हेही तिथेच ठरवा. दुसरं, तीन वर्षांखालची लेकरं असलेल्या बायकांनी अर्धा तास आधी यावं. येताना झाकणाची एक रिकामी प्लास्टिक बाटली आणि मूठभर चिंचोके आणा. बाटलीत चिंचोके घाला आणि झाकण गच्च लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर बाळ चिंचोका तोंडात घालेल. मग बाळापुढे बाटली वाजवा, पदराआड लपवा आणि विचारा, "कुठं गेला खुळखुळा?"