‘आरव’ या नावाचा अर्थविचार

हल्ली बारशाच्या निमित्ताने ज्या घरी जावे तेथे, बाळासाठी सुचविलेल्या नावांत ‘आरव’ हे नाव हटकून आढळते. आपल्या सभासद कुटुंबांतही या नावाची बालके आहेत. नाव सुटसुटीत व गोड आहे यात शंका नाही. परंतु त्याचा जो अर्थ सर्वत्र सांगितला जातो, तो बरोबर आहे काय, हे पाहणे अगत्याचे वाटल्यावरून हा अल्पसा अभ्यास वाचकांपुढे ठेवीत आहो.

या अभ्यासास एक प्रसंग कारण झाला. तीर्थरूपांबरोबर आम्ही एका घरी बारशास गेलो होतो. आत्याबाईंनी बाळाच्या कानाशी ‘कुर्र’ करून ‘आरव’ हे नाव सांगितले. जमलेल्यांपैकी एका गृहस्थांनी नावाचा अर्थ विचारला, तेव्हा मोबाईलवरील एका नामसूचीत वाचलेले आठवून ‘शांत’ असे आम्ही बेधडक सांगून टाकले. त्यावर पाळण्याशेजारी बसलेल्या बाळाच्या पणजीबाई म्हणाल्या, “अरे बाळा, पहाटे कोंबडा आरवतो, तो काय शांत असतो म्हणून?” सगळे हसले. आम्हीही हसलो, परंतु मनातून ओशाळलो. धर्मकृत्याच्या वेळी, न पडताळता, आम्ही चुकीचा अर्थ सांगितला होता.

घरी येऊन ग्रंथ पाहिले तो पणजीबाईंचेच म्हणणे खरे ठरले. संस्कृतात ‘रु’ हा धातू आहे व त्याचा अर्थ शब्द करणे, आवाज करणे असा आहे. त्यापासून ‘रव’ म्हणजे ध्वनी हे नाम झाले. त्याच धातूमागे ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आरव’ व ‘आराव’ अशी दोन रूपे होतात. ही दोन्ही रूपे शुद्ध असल्याचे पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात एका स्वतंत्र सूत्राने सांगून ठेविले आहे. अमरकोशाच्या प्रथम कांडातील शब्दादिवर्गात नाद, ध्वनी, निर्घोष इत्यादी शब्दांच्याच पंक्तीत ‘आरव’ आला आहे. म्हणजे आरव हा शब्द नवा नव्हे. व्यक्तिनाम म्हणून त्याचा प्रसार मात्र अलीकडचा होय.

याच धातूचे आणखी एक अपत्य सर्वांच्या परिचयाचे आहे, ते म्हणजे ‘रावण’. कैलास उचलू पाहणाऱ्या दशाननाचे बाहू पर्वताखाली चिरडले, तेव्हा त्याने त्रैलोक्य हादरविणारा आक्रोश केला व त्यावरून शंकरांनी त्यास रावण हे नाव दिले, अशी कथा वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात आहे. उलटपक्षी भ्रमरांचा गुंजारव आणि पक्ष्यांचा कलरव यांतही हाच ‘रव’ आहे. धातू एकच, ध्वनी भयंकर की मधुर, हे तो करणाऱ्यावर अवलंबून.

मग ‘शांत’ हा अर्थ आला कोठून? आमचा तर्क असा की, येथे ऱ्हस्वदीर्घाचा घोटाळा झाला असावा. ‘अ’ हा ऱ्हस्व स्वर शब्दामागे लागला असता नकार दाखवितो; जसे ज्ञान-अज्ञान, धर्म-अधर्म. त्याप्रमाणे ‘अरव’ म्हणजे ज्यात आवाज नाही ते. ‘नीरव’ या शब्दाचाही तोच अर्थ आहे. परंतु ‘आ’ हा दीर्घ उपसर्ग नकारार्थी नाही. देवनागरीत ‘अरव’ आणि ‘आरव’ यांचा भेद एका कान्याने स्पष्ट होतो. इंग्रजी लिपीत मात्र दोन्ही स्वर पुष्कळदा एकाच अक्षराने लिहिले जातात. अशा रीतीने एका कान्याच्या अभावी अर्थ अगदी उलटा झाला असावा, आणि एका सूचीवरून दुसऱ्या सूचीत तो तसाच उतरविला गेला असावा.

आता या नावाच्या लोकप्रियतेविषयी. चित्रपट अभिनेते अक्षयकुमार व ट्विंकल खन्ना यांना 2002 साली पुत्र झाला व त्याचे नाव आरव ठेविले गेले. तेव्हापासून हे नाव घरोघरी ऐकू येऊ लागले. परंतु केवळ नटांच्या अनुकरणाने नाव टिकत नाही. त्यास स्वतःचे गुण असावे लागतात. ‘आरव’ मध्ये एकही जोडाक्षर नाही. मराठी, हिंदी, गुजराती, तेलुगू या सर्व भाषिकांना ते सारख्याच सहजतेने उच्चारता येते. पिढ्यान्‌पिढ्या इंदूर, वडोदरा वा हैदराबाद येथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना ही सोय विशेष वाटते, तशीच परदेशी गेलेल्या मुलांनाही वाटते. शिवाय अवकहडा चक्राप्रमाणे कृत्तिका नक्षत्राच्या प्रथम चरणास ‘अ’ हे अक्षर येते, आणि अ व आ एकच मानण्याची रीत असल्यामुळे त्या चरणावर जन्मलेल्या मुलासाठीही हे नाव सुचविले जाते.

शास्त्राच्या कसोटीवर हे नाव कितपत उतरते? पारस्करगृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन अथवा चार अक्षरांचे असावे, त्यात य, र, ल, व यांपैकी वर्ण असावा व ते धातूपासून साधलेले असावे, असे सांगितले आहे. आरवमध्ये ‘र’ व ‘व’ दोन्ही आहेत, आणि ते धातुसाधितही आहे. अक्षरे तीन आहेत खरी. परंतु केशव, माधव ही तीन अक्षरी नावे आपल्या पूर्वजांनी आनंदाने ठेविली आहेत. तेव्हा एवढ्यावरून कोणी हे नाव त्याज्य मानू नये.

त्या बारशानंतर थोड्याच दिवसांत आम्ही पुन्हा त्या घरी जाऊन आपली चूक कबूल केली. बाळाचे वडील चिंतेने म्हणाले, “मग नाव बदलावे काय?” आम्ही म्हटले, “नाव बदलू नका. अर्थ तेवढा बदला.” जन्मल्याबरोबर बाळ रडले नाही तर सुईणीपासून वैद्यापर्यंत सर्वांच्या काळजाचा ठोका चुकतो. त्याचा पहिला आवाज कानी पडतो, तेव्हाच घरातील माणसे सुटकेचा श्वास सोडतात. तो आवाज म्हणजे आरवच नव्हे काय? देवळात शंख फुंकतो, घंटा वाजवितो, तोही रवच. कोंबडा आरवतो तो उजाडल्याची वर्दी देण्यासाठी. असा अर्थ हाती असता खोट्या ‘शांत’पणाची उसनवारी कशाला? हे ऐकून पणजीबाईंनी पाळण्याला झोका दिला व म्हणाल्या, “रडू दे हो त्याला. नावाला जागतोय!”

वाचकांस एवढीच विनंती की, नाव ठरविण्यापूर्वी ते प्रथम देवनागरीत नीट लिहून पाहावे, ऱ्हस्वदीर्घ तपासावे, आणि अर्थ एखाद्या प्रमाण कोशात पडताळावा. वामन शिवराम आपटे यांचा 1890 साली प्रसिद्ध झालेला संस्कृत-इंग्रजी कोश आजही सहज मिळतो. कोश हाताशी नसेल तर घरातील वडीलधाऱ्या बाईमाणसांना विचारावे. जो अर्थ आम्हांस ग्रंथ उघडून सापडला, तो त्या पणजीबाईंना रोजच्या बोलीतूनच ठाऊक होता. मूल जन्मभर ज्या नावाने ओळखले जाणार, त्याचा खरा अर्थ त्यास सांगता यावा, हेही आईबापांचे एक कर्तव्यच होय.