‘द्विदल’ या शब्दाचे दोन अर्थ

काही तणनाशकांच्या माहितीपत्रकात ‘द्विदल तणांसाठी’ असे छापलेले असते. ते वाचून जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यास प्रथम तूर, मूग व हरभरा आठवतो. कारण आपल्या व्यवहारात द्विदल म्हणजे डाळीचे धान्य. वनस्पतिशास्त्रात मात्र ज्यांच्या बियांत दोन दले असतात त्या साऱ्या वनस्पती द्विदल होत. कपाशी, करडई, मोसंबी आणि गाजरगवतही त्यांतच येते. ज्वारीतील तणांवर मारलेले २,४-डी वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेले, किंवा तोच पंप नीट न धुता कपाशीत नेला, तर तिची पाने अरुंद होऊन भेंडीच्या पानांसारखी दिसू लागतात व फुले-पात्या गळतात. ‘कपाशी द्विदल कशी?’ हा समज असा महाग पडतो.

एकदल-द्विदल हा भेद जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडला. पुढे बेंथम व हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळातील आपल्या ग्रंथात द्विदलांचे तीन वर्ग केले : सुट्या पाकळ्यांचा, जुळलेल्या पाकळ्यांचा आणि ज्यांत निदलपुंज व पाकळ्या असा भेद नाही असा. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१ ते १९०८) याच पद्धतीचा आहे. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर होता; तरी आपल्या बांधावरची बरीच झाडे त्यात सापडतात.

हे तीन वर्ग आता कालबाह्य झाले आहेत. १९९८ साली आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून नवी मांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा खुद्द ‘द्विदल’ हा गटही एकसंध राहिला नाही. सीताफळाच्या बीत दले दोनच. पण सीताफळ व नागवेल यांची शाखा कपाशी-तुरीच्या शाखेहून निराळी ठरली. उलट सावरीचे पूर्वी वेगळे मानलेले कुळ कपाशी-भेंडीच्या कुळात सामील झाले. एकदल गट तेवढा टिकला.

शास्त्राने नाव टाकले तरी फवारणीपुरता जुना भेद उपयोगी आहे. तो ओळखताना एक दक्षता घ्यावी. कपाशी व मूग यांची दले उगवताना जमिनीवर येतात; तूर व हरभऱ्याची मातीतच राहतात. म्हणून केवळ रोप पाहून निर्णय करू नये. बी भिजवून सोलावे. पानांकडेही पाहावे : ज्वारी, हराळी व लव्हाळ्याच्या शिरा समांतर, तर कपाशी व गाजरगवताच्या जाळीदार असतात. ज्वारीत तुरीचे आंतरपीक असल्यास २,४-डी मुळीच वापरू नये. तेथे कोळपणी व खुरपणीच करावी. या औषधासाठी शक्यतो निराळा पंप ठेवावा.