दोघां-तिघांची साक्ष

दूरच्या ग्रहावर जीव सापडले हे खरे काय, असे आम्हांस मंडळ्यांतून विचारतात. प्रश्न ‘के२-१८ बी’ ह्या ग्रहाविषयी आहे. तेथील प्रकाश येथे पोहोचण्यास सुमारे १२४ वर्षे लागतात. ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून येतो. त्यावरून तेथील वायू ओळखितात. २०२५ साली केंब्रिजचे निक्कू मधुसूदन व त्यांचे सहकारी ह्यांनी डायमिथिल सल्फाइड वायूची चिन्हे दिसल्याचे कळविले. पृथ्वीवर तो मुख्यत्वे समुद्रातील सूक्ष्म जीवांपासून उत्पन्न होतो. परंतु इतर शास्त्रज्ञांनी तीच मापे तपासून पुरावा अपुरा ठरविला. शिवाय हा वायू निर्जीव धूमकेतूवरही आढळला आहे.

एकाच साक्षीवरून निकाल करू नये, अशी आज्ञा अनुवाद १९:१५ मध्ये आहे. उपदेशक बंधूंनो, भिऊन नाकारू नका, उतावळेपणाने होकारही देऊ नका. तेथे जीव असोत वा नसोत, उत्पन्नकर्ता एकच आहे. मात्र सिद्ध न झालेली गोष्ट आपण खरी म्हणून सांगितली, तर उद्या प्रभूविषयीची आपली साक्ष लोकांनी कोणत्या भरवशावर ऐकावी?