कामावर अपघात झाला तर : भरपाई आणि मोफत कायदेशीर मदत (पालकांसाठी एक पाठ)



आजचा पाठ पाठ्यपुस्तकात नाही, पण आपल्या वर्गाशी त्याचा थेट संबंध आहे.

माझी शाळा पुणे जिल्ह्यातल्या औद्योगिक पट्ट्यात आहे. बरेच पालक छोट्या वर्कशॉपमध्ये नाहीतर ठेकेदाराकडे कामाला आहेत. जुलै २०२४ मध्ये चौथीतला एक मुलगा आठ दिवस आलाच नाही. नवव्या दिवशी त्याची आई आली.

"बाई, ह्याचा दाखला द्या. आम्ही गावाला चाललो."

"काय झालं ताई?"

"ह्याच्या पप्पांची दोन बोटं गेली पॉवर प्रेसमध्ये. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं. आता पंचवीस हजार देतो म्हणतोय, स्टॅम्प पेपरवर सही करायला बोलावलंय."

मला तेव्हा या कायद्यातलं काही माहीत नव्हतं. पण कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नये एवढं तर आपण मुलांनाही शिकवतो. मी म्हटलं, "ताई, दोन दिवस थांबा. दाखलाही थांबू द्या आणि सहीही." त्यानंतर मी जे शिकले ते इथे मांडते.

१. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे

कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३ सालचा आहे. कामामुळे आणि काम करताना अपघात झाला तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर येते. मालकाची चूक होती हे कामगाराला सिद्ध करावं लागत नाही.

"तुझंच लक्ष नव्हतं" हे वाक्य आमच्या पालकांनाही ऐकवलं गेलं. पण नुसतं लक्ष चुकलं म्हणून हक्क जात नाही. कामगार नशेत असेल, सुरक्षेचा नियम त्याने मुद्दाम मोडला असेल किंवा मशीनचं गार्ड मुद्दाम काढलं असेल, तर मालक बचाव करू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तोही बचाव चालत नाही.

कामगार ठेकेदाराचा असला तरी, ज्या कंपनीच्या धंद्याचं काम चाललं होतं तिच्याकडून भरपाई मागता येते.

२. पहिला प्रश्न : ईएसआय कापला जातो का?

पगाराची पावती बघा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआय योजनेत येणाऱ्या कामगाराला लाभ ईएसआय महामंडळाकडून मिळतात. त्यांनी ईएसआयच्या शाखा कार्यालयात जायचं, मालकाविरुद्ध वेगळा भरपाईचा दावा होत नाही. आमच्या या पालकांच्या वर्कशॉपमध्ये सात-आठच माणसं होती आणि ईएसआय नव्हता. म्हणून त्यांना भरपाईच्या कायद्याचा रस्ता होता.

३. रक्कम कशी काढतात?

हा भाग शेकडेवारीचं उदाहरण म्हणून सातवीलाही देता येईल. कायम अपंगत्वासाठी सूत्र असं आहे :

मासिक वेतनाचे ६०% × वयानुसार गुणक × अपंगत्वाची टक्केवारी

- वेतन जास्त असलं तरी हिशेबात १५,००० रुपयांपर्यंतच धरतात (जानेवारी २०२० पासून).
- गुणक कायद्याच्या तक्त्यात आहे. वय ३० असेल तर २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७.
- टक्केवारीही कायद्यात दिली आहे. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, अंगठा गेला तर ३०. दुखापत यादीत नसेल तर कमाईची क्षमता किती घटली ते डॉक्टर ठरवतात.

आमच्या पालकांचं वय ३५ आणि पगार १४,००० रुपये.

१४,००० चे ६०% = ८,४००
८,४०० × १९७.०६ = १६,५५,३०४
त्याचे २०% = ३,३१,०६०.८० रुपये

म्हणजे सव्वातीन लाखांहून जास्त. मी फळ्यावर हे गणित दोनदा केलं, कारण उत्तरावर माझाच विश्वास बसेना. मालक पंचवीस हजार देत होता. उपचाराचा खर्च यातून वजा होत नाही, तो मालकानेच द्यायचा असतो. देय झालेली रक्कम महिन्याभरात दिली नाही तर १२% व्याज लागतं. उशिराला योग्य कारण नसेल तर ५०% पर्यंत दंडही होऊ शकतो.

आणि तो स्टॅम्प पेपर? "मी माझा हक्क सोडला" असा करार या कायद्यात चालत नाही. तडजोड झालीच तर तिची आयुक्तांकडे नोंद व्हावी लागते.

४. कागद जमवा

- दवाखान्याचे पेपर. अपघात कामावर झाला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. "घरी पडलो असं सांग" म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.
- कामावर असल्याचा पुरावा : पगाराची पावती, बँकेतली नोंद, गेटपास, हजेरीचा फोटो, मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज.
- सोबत काम करणाऱ्या एक-दोघांची नावं.
- वयाचा पुरावा, कारण गुणक वयावर ठरतो.

५. मालकाला लेखी कळवा

वडिलांचा उजवा हात बँडेजमध्ये. मग पत्र मुलाने लिहिलं. चौथीतल्या मुलाच्या अक्षरात, मी शुद्धलेखन तपासून :

"महोदय, मी आपल्या वर्कशॉपमध्ये प्रेस ऑपरेटर म्हणून काम करतो. अमुक तारखेला सकाळी अमुक वाजता काम करताना माझ्या उजव्या हाताची दोन बोटे मशीनमध्ये सापडून तुटली. मला कायद्याप्रमाणे भरपाई मिळावी ही विनंती."

खाली वडिलांचा अंगठा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं, झेरॉक्स आणि पावती जपून ठेवली. पत्रलेखनाचा एवढा उपयोगी तास मी आजवर घेतला नव्हता.

६. वकील मोफत मिळतो

इथेच बहुतेक पालक माघार घेतात. "कोर्टाला पैसा कुठून आणायचा?" पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अटही नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. ओळखपत्र आणि साधा अर्ज घेऊन जायचं. फोनवर माहिती हवी असेल तर १५१०० ही हेल्पलाइन आहे.

दवाखान्याबाहेर एजंट भेटतात, मिळेल त्या रकमेत तीस-चाळीस टक्के मागतात. रकमेत वाटा ठरवून केस घेणं वकिलांच्या व्यावसायिक नियमांतच बसत नाही, हे लक्षात ठेवा.

७. मुदत आणि ठिकाण

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. महाराष्ट्रात साधारणपणे कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई आयुक्त म्हणून काम पाहतात. अपघात झाला तिथे किंवा कामगार राहतो तिथे, दोन्हीकडे अर्ज करता येतो. म्हणजे कुटुंब गावी परत गेलं तरी हक्क मागे राहत नाही.

एक महत्त्वाचा बदल : २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. त्यानंतरच्या अपघातांचे दावे संहितेखाली करायचे. भरपाईची मूळ चौकट तिच्यातही तीच आहे. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, तिच्यात धरला जातो.

शेवटी

आमच्या पालकांना प्राधिकरणाकडून वकीलबाई मिळाल्या. दावा दाखल आहे, निकाल अजून यायचा आहे. तारखा पडतात, त्या दिवसाचा रोजगार बुडतो, हे खरं आहे. वडील आता एका गोदामात हलकं काम करतात. दाखला मात्र कोणी परत मागितला नाही. मुलगा शाळेत येतोय.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या पालकसभेत पाच मिनिटं या विषयाला द्या. फळ्यावर तीनच गोष्टी लिहा : सही करण्याआधी विचारा, दोन वर्षांची मुदत, १५१००. एखादं मूल अचानक यायचं थांबलं तर घरी काय झालंय ते नक्की विचारा.